मैनाबाईची गोफण आणि साहेबाचा नकाशा

धामणखेडच्या मैनाबाईची गोफण ज्यानं पाहिली नाही, त्यानं गोफण पाहिली असं मी तरी मानत नाही. हिवाळ्यात ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर चढून हाकारे घालत गोफण काय कुणीही मारतं. त्यातले निम्मे दगड शेजाऱ्याच्या वावरात पडतात आणि मग भांडणं पाहायला पाखरं जमतात. मैनाबाई हाकारा घालत नसे. ती मुकाट्यानं बसायची, जांबाच्या, म्हणजे पेरूच्या, कोणत्या फांदीवर राघू उतरला ते बघायची, गोफण डोक्याभोवती गरकन फिरवायची आणि राघूच्या शेजारचं पान फाडून न्यायची. राघूला लागू द्यायची नाही. त्यालाही बायकापोरं असतात, असं तिचं म्हणणं. पण राघूच्या काळजाचं पाणी व्हायचं आणि तो चार दिवस त्या झाडाकडं फिरकायचा नाही.

आणि ती मारायची ते दगड नव्हेत, गोळ्या. शिशाच्या, बोराएवढ्या, अस्सल बंदुकीच्या गोळ्या. धामणखेडचं शिवार अडगावच्या अंगाला आहे. तिथं शंभरावर वर्षांमागं भोसल्यांची आणि इंग्रजांची मोठी लढाई झाली. दोन्हीकडच्यांनी एकमेकांवर जे शिसं उधळलं, ते आमच्या काळ्या मातीनं गिळून ठेवलं आणि वखराच्या पासेला, म्हणजे पात्याला, लागून ते दरवर्षी थोडं थोडं वर येतं. गोफणीला अशी जड, गोल आणि सरळ जाणारी वस्तू दुसरी नाही, हे धामणखेडच्या माळ्यांना फार पूर्वीच कळलं होतं. सुगीत राघूंवर मारायच्या, सुगी संपली की वेचायच्या, पुढच्या साली पुन्हा मारायच्या. मैनाबाईची सासू, तिची सासू, सगळ्यांनी हेच केलं. एकेक गोळी कितीदा आकाशात गेली आणि कितीदा मातीत पडली याला सुमार नाही. इंग्रज सरकारला याचा पत्ता नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं.

घरात माणसं दोनच. मैनाबाई आणि तिची सून कौशल्या. मैनाबाईचा नवरा कधीच गेला होता. पोरगा भगवंत, तो मात्र गेला म्हणावं तर गेला नव्हता आणि आहे म्हणावं तर नव्हता. जर्मनच्या लढाईच्या दिवसांत हा पठ्ठ्या वांगी विकायला अकोल्याला गेला, जुन्या शहरात भरतीवाल्याच्या पायातले चकचकीत बूट त्यानं पाहिले आणि वांग्यांची पाटी तिथंच ठेवून खच्चरांच्या पलटणीत नाव घालून आला. लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. समुद्रापलीकडं बसऱ्याला सुखरूप पोचल्याची खबर आली. पुढं काहीच नाही. लढाई संपली, परतवाड्याकडचे दोघंतिघं परत आले, आणि सरकारनं कळवलं की भगवंत माळी हरवला.

मैनाबाई त्या शब्दावर जी भडकली ती भडकलीच. खच्चर हरवतं, म्हैस हरवते, धडधाकट माणूस कसा हरवतो, असं तिनं पाटलाला विचारलं, तलाठ्याला विचारलं, भातकुलीहून आलेल्या व्याह्यालाही विचारलं, आणि त्या गरिबाचा तर काही संबंधच नव्हता. गावानं हळूहळू तोंड सोडलं. कौशल्येनं कुंकू किती दिवस लावायचं, हातभर बांगड्या कशासाठी घालायच्या, अशी कुजबूज विहिरीवर चालायची आणि मैनाबाई आली की थांबायची. मैनाबाईला जगात एकच गोष्ट हवी होती. पोरगा कुठं आहे ते कळावं. जिवंत असला तर कोणत्या गावी, आणि मेला असला तर कोणत्या मातीत.

कौशल्याही गोफण चांगली मारायची. खोट एकच. हात फिरवताना मचाणाच्या खांबाला तो आपटायचा आणि बांगडी जायची. सवाष्णीची बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण शब्द कितीही शुभ वापरला तरी मैनाबाईच्या तोंडाचा पट्टा सुटायचा तो दिवस मावळेपर्यंत. गावाला वाटायचं, म्हातारी कंजूष आहे. कंजूष कसली, ती भ्यायची. काचेचा तो खळकन आवाज झाला की तिला भगवंताचीच वाईट खबर आल्यासारखं वाटायचं.

अशात एका हिवाळ्यात विल्मट साहेब आला. थेट विलायतेहून. तिकडं कुठल्याशा शाळेत पोरांना शिकवून म्हातारा झालेला, उंच, वाळकुडा, नाकाची साल उन्हानं निघालेली. त्याच्या आज्याचा भाऊ अडगावच्या लढाईत कोवळा अंमलदार होता. लढाई जिंकल्यावर मोजदाद झाली तेव्हा तो ना जिवंतात सापडला ना मेलेल्यात. त्याची आई मरेपर्यंत वाट बघत राहिली आणि मरताना घरच्यांना सांगून गेली, की कुणीतरी जा आणि माझ्या लेकराची जागा शोधा. घरच्यांनी तीन पिढ्या चालढकल केली. शेवटी हा मास्तर निवृत्त झाला आणि निघाला.

साहेबाबरोबर दुभाष्या म्हणून अमरावतीचे उत्तमराव मुन्शी होते. कोर्टात तर्जुमे करून त्यांची जीभ एवढी घासली गेली होती की त्यांचं मराठी ऐकून धामणखेडला वाटायचं, हे आपल्याला समन्स वाचून दाखवताहेत. मनानं फार हळवे. बैलाला पराणी टोचलेली पाहिली तरी तोंड फिरवायचे.

साहेबाला मैनाबाईच्या मळ्यात शोध घ्यायचा होता, कारण जुन्या वर्णनातला ओढ्याचा वळसा तिथंच जुळत होता. मैनाबाईनं एकच अट घातली. तुमी तुमचा मानूस धुंडा, पन माहाही धुंडून द्या. मुन्शींनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं टोपी काढली आणि त्याच दिवशी मोठ्या पलटणीच्या कचेरीला भगवंताची विचारणा पाठवली.

मग सुरू झाला तो प्रकार. साहेबानं मळ्यात सुतळ्या ताणल्या, गावची पोरंसोरं चाळण्या देऊन माती चाळायला बसवली, आणि जिथं गोळी निघेल तिथं काडीला कागदाची झेंडी लावून ती जागा नकाशावर लाल शाईनं टिपायला लागला. जांबाच्या झाडांखाली झेंड्यांची नुसती दाटी झाली. राघूंना झेंड्या फार आवडल्या. दिवसेंदिवस नकाशा लाल होत गेला आणि साहेबाचा चेहराही. एका सकाळी त्यानं मुन्शींमार्फत मैनाबाईला समजावून सांगितलं, की गोळ्यांच्या जागा बोलतात. या जांबांवर शत्रूनं पुन्हा पुन्हा हल्ला केला, असं दिसतं.

खरं हाय, मैनाबाई म्हणाली, दरसाली करतेत.

मुन्शींना वाटलं, पोराच्या दुःखानं म्हातारी काहीबाही बोलतेय; त्यांनी ते साहेबाला सांगितलंच नाही. साहेब पुढं म्हणाला, की नवल हे आहे, की चहूकडं गेलेल्या या गोळ्या एकाच ठिकाणाहून सुटलेल्या दिसतात. एकच वीर, चारी बाजूंनी वेढलेला, पूर्वेला मारतो, पश्चिमेला मारतो, शेवटपर्यंत जागा सोडत नाही. आणि ते ठिकाण हे. असं म्हणून साहेबानं मैनाबाईच्या मचाणाकडं बोट केलं, डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि डोळे मिटले. वर कौशल्या पाय सोडून बसली होती. साहेब आपल्यालाच नमस्कार करतोय असं वाटून तिनं पदर सावरून राम राम केला.

मैनाबाईला सगळं कळलं होतं. साहेब शोधतोय तो वीर म्हणजे आपण, आपली सासू आणि सासूची सासू, हे तिला पहिल्या झेंडीलाच कळलं होतं. ती गप्प बसली. का, तर हे सांगितलं की साहेब चाळण्या गुंडाळून उद्याच जाईल, आणि मग भगवंताची विचारणा कोण करील? सरकारदरबारी तिच्या बाजूनं बोलणारा जगात तेवढा एकच माणूस होता. मनाला ते खात होतं, पण ती गप्प बसली. शिवाय मळ्यातल्या सगळ्या गोळ्या साहेबाच्या पोत्यात गेल्यानं तिला मातीचे गोळे भाजून मारावे लागत होते, आणि राघू असे माजले होते की मचाणाच्या कठड्यावर बसून जांब खायचे.

साहेबानं अकोटहून दगड घडवून आणवला. त्यावर त्या कोवळ्या अंमलदाराचं नाव. मचाण हलवून त्या जागी दगड बसवायचा ठरला, आणि नेमकं आदल्या दिवशी पलटणीच्या कचेरीचं उत्तर आलं.

उत्तर एवढंच होतं, की खूप शोधलं, काही माग लागला नाही. साहेबानं ते मुन्शींना सांगितलं आणि म्हातारीला नीट समजावा म्हणाला. उत्तमराव तिच्या अंगणात गेले. दोघी सासवासुना दारात उभ्या. कौशल्येच्या हाताला पीठ तसंच. त्या दोन चेहऱ्यांकडं पाहून मुन्शींचा धीर सुटला. माग लागला नाही, असं या बाईला पुन्हा कसं सांगायचं? आणि कोर्टात जन्मभर दुसऱ्याचा शब्द इकडचा तिकडं न केलेल्या त्या माणसानं धडधडीत खोटं सांगितलं. म्हणाले, भगवंत तापानं गेला, यातना झाल्या नाहीत, बसऱ्याला नदीकाठी खजुराच्या झाडाखाली त्याची जागा आहे, आणि कुणीतरी तिथं पाणीही घालतं.

मैनाबाई खाली बसली. रडली, पोटभर रडली, आणि मग म्हणाली की चला, जागा तरी समजली. मुन्शींना वाटलं, आपण पुण्य केलं. त्यांना एवढं सुचलं नाही, की खबर घरात शिरली म्हणजे तिच्यामागून रिवाजही शिरणार. संध्याकाळपर्यंत गावातल्या वडीलधाऱ्या बाया जमल्या. शेजारच्या पार्बताबाईनं पुढाकार घेतला आणि ठरलं, की सकाळी कौशल्येच्या बांगड्या उतरवायच्या.

सकाळी मैनाबाईला ते पाहवेना. आपण हात धरायला बसायचं नाही, असं सांगून ती मळ्याकडं निघाली. तिथं गवंडी मचाणाच्या खांबाशी चुना कालवत होता, साहेब काळा कोट घालून मुन्शींबरोबर उभा होता, आणि तो दगड गाडीवरून उतरत होता. मैनाबाई थबकली. तिच्या मनात आलं, ज्यानं आपल्या पोराची खरी जागा आणून दिली, त्याला आपण खोटी जागा देऊन राहिलो. ती तशीच मुन्शींकडं गेली. घरातल्या मडक्याच्या तळाशी सापडलेल्या चार गोळ्या तिनं राघूंसाठी ओटीत आणल्या होत्या, त्या दाखवल्या, कमरेची गोफण सोडून दाखवली आणि सगळं सांगितलं.

मुन्शी गडबडले. साहेबाकडं पाहून हळूच म्हणाले, की बाई, झालं ते झालं. साहेब खुशीत आहेत. त्या अंमलदाराची आई मरूनही शंभर वर्षं होत आली. दगड इथं बसला काय नि तिथं बसला काय, आता कळणार कुणाला?

"त्याची माय मेली असन," मैनाबाई म्हणाली, "मी तं जित्ती हावो. मले कळते. खोट्या जागेवर रडाले लावू नये कोन्या मायले."

उत्तमराव मुन्शी चुन्याच्या ढिगावर मटकन बसले. धोतराचं काय होतंय याचंही त्यांना भान राहिलं नाही. दोन्ही हात जोडून त्यांनी सांगितलं, की खजुराचं झाड नाही, ताप नाही, काही नाही. ते मी रचलं.

मैनाबाईनं त्यांना काय म्हणावं ते म्हणून घेतलं. त्यातलं इथं लिहिण्यासारखं फारसं नाही. मुन्शींच्या सात पिढ्या आणि त्यांचं शिक्षण, कशालाही तिनं सोडलं नाही. मग एकाएकी ती थांबली.

"म्हंजे भगवंत मेला, असं कोनी नाई म्हनलं?"

"नाही."

"सापडला नाई, येवढंच?"

"एवढंच."

तिचा चेहरा उजळला आणि दुसऱ्याच क्षणी पांढराफटक पडला. बांगड्या! लुगड्याचा कासोटा मारून म्हातारी जी पळत सुटली, ती टमाट्यांचे वाफे तुडवीत, सुतळ्या तोडीत, झेंड्या उडवीत. तिच्यामागं चुन्यानं माखलेले मुन्शी. त्यांच्यामागं साहेब, एका हातात टोपी आणि दुसऱ्यात नकाशा, काय झालं ते न कळता. त्याच्यामागं गवंडी, कारण सगळेच पळताहेत म्हटल्यावर तो तरी काय करणार.

गावकुसाच्या पडक्या भिंतीशी मैनाबाईचा दम संपला. समोर मधे रिकामं वावर, पलीकडं तिचं अंगण. तिथं बाया गोल करून बसलेल्या, मधे कौशल्या मान खाली घालून, तिचा हात पार्बताबाईच्या मांडीवर, आणि पार्बताबाईच्या दुसऱ्या हातात वरवंटा. मैनाबाईनं ओरडायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. नुसती फुसफुस. पार्बताबाईनं वरवंटा उचलला.

मग जे हाताला येत होतं तेच तिनं केलं. ओटीतली गोळी काढली, गोफणीत घातली आणि गरकन हात फिरवला.

अंगणात बायांच्या शेजारी पाण्याची भरलेली तांब्याची घागर होती. तिच्यावर गोळी बसली ती ठाणकन. घागर लवंडली, पाणी सगळ्यांच्या अंगावर, पार्बताबाईच्या हातातला वरवंटा सुटून तिच्याच पायावर, आणि ती जमलेली मंडळी जी उठली ती एका श्वासात चारी दिशांना गेली. एकटी कौशल्या जागची हलली नाही. ती गोळी कुणाची, हे तिला न बघताच कळलं होतं. तिनं फक्त हात पदराखाली घेतला.

मैनाबाई अंगणात पोचली, सुनेच्या शेजारी चिखलात बसली, तिचा हात बाहेर काढून बांगड्या चाचपल्या. सगळ्या शाबूत होत्या. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं, आणि कौशल्येला जे सांगायला ती धावत आली ते राहूनच गेलं. शेवटी पांगलेल्या बाया परत जमल्या तेव्हा मुन्शींनीच सगळ्यांसमोर कान धरून सांगितलं. पार्बताबाईनं त्यांना त्याच दुखऱ्या पायानं अंगणाबाहेर काढायची भाषा केली.

साहेब मात्र घागरीशी वाकला होता. त्यानं घागरीचा पोचा बोटानं चाचपला, चिखलातून गोळी उचलली, कोटाला पुसली. पडक्या भिंतीकडं पाहिलं, मैनाबाईच्या हातातल्या गोफणीकडं पाहिलं, मग नकाशा उघडला आणि जांबाच्या झाडांकडं पाहिलं. त्याला तर्जुमा लागला नाही. तो ओट्यावर टेकला. मैनाबाईला त्याची फार दया आली. एवढ्या लांबून आलेला माणूस, त्याचा शूर वीर तिनं एका गोळीत बुडवला होता. ती म्हणाली, की सगळ्याच गोळ्या आमच्या नाहीत, त्यांतल्या काही तुमच्या पोराच्याही असतील, फक्त कोणत्या ते आता देवालाच ठाऊक.

मुन्शींनी हे मात्र जसंच्या तसं सांगितलं. साहेबाच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मैनाबाईला वाटलं, रडतोय. तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईतो हसला. त्यानं गोफण मागून घेतली आणि स्वतः फिरवून पाहिली. गोळी पुढं जायच्या ऐवजी मागं गेली आणि तिनं मुन्शींची पगडी उडवली. त्या दिवशी मुन्शींनी तक्रार करण्यासारखं तोंडच ठेवलं नव्हतं.

दगड परत न्यायला गाडीवाला तयार होईना. साहेबानं गवंड्याकडून नावाखाली एक ओळ वाढवून घेतली: याच मातीत कुठंतरी. मुन्शींनी ती वाचून दाखवली तेव्हा मैनाबाई म्हणाली, हे खरं हाय. मग तो दगड मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कुणाच्याच जागेवर नाही असा, उभा केला. मचाण होतं तिथंच राहिलं.

जाताना साहेबानं गोळ्यांचं पोतं मैनाबाईच्या दारात ओतलं. फक्त घागरीवर बसलेली गोळी ठेवून घेतली. म्हणाला, की ही कुणी मारली आणि कशासाठी मारली, एवढं नक्की ठाऊक असलेली ही एकच आहे. आणि मुंबईहून आगबोट घेईन ती बसऱ्यावरून जाणारी घेईन, तिथं स्वतः उतरून विचारीन, असा शब्द देऊन तो गेला. मैनाबाईनं मुन्शींना त्याचा तर्जुमा पुन्हा पुन्हा करायला लावला, आणि दरवेळी देवाची शपथ घ्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी दोघी मचाणावर चढल्या. राघूंना बदललेल्या परिस्थितीची काही कल्पना नव्हती. कठड्यावर, जांबावर, साहेबाच्या दगडावर, जिथं तिथं निवांत बसलेले. मैनाबाईनं ओटीतली गोळी काढून सुनेपुढं धरली.

कौशल्येनं गोफण फिरवली. गोळी सणसणत गेली, थवा किंचाळत उठला, आणि तिचा हात खांबाला आपटून खळकन आवाज झाला. काचा मचाणाच्या फळ्यांवर सांडल्या. कौशल्या मान खाली घालून, आता पट्टा सुटणार म्हणून वाट बघत उभी राहिली.

मैनाबाई काचांकडं पाहत होती. मग तिनं दुसरी गोळी काढली आणि सुनेच्या हातात ठेवली.

"वाढली तं वाढली वं पोरी," ती म्हणाली. "बुधवारच्या बाजारात नव्या भरू. हिरव्या."